छोटे, स्वतंत्र चित्रपट करणारा दिग्दर्शक सुपरहिरोपटांकडे वळला की त्याची शैली संपते का?

संपतेच असं नाही. पण बजेटच्या आकड्यावरून मी ते ठरवत नाही, श्रेयनामावली वाचतो. दिग्दर्शक एकटाच गेला की आपली माणसं बरोबर घेऊन गेला, ते तिथे कळतं.

रायन कूगलरचंच घ्या. त्याचा पहिला चित्रपट 'फ्रूटवेल स्टेशन' 2013 चा. 1 जानेवारी 2009 च्या पहाटे ऑकलंडच्या रेल्वे स्थानकावर ऑस्कर ग्रँट या निःशस्त्र तरुणाला पोलिसाने गोळी घातली, त्याच्या शेवटच्या दिवसाची ही गोष्ट. बजेट 10 लाख डॉलरच्याही आत, शूटिंग सुपर 16 या स्वस्तातल्या छोट्या फिल्मवर. सनडान्स या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात परीक्षकांचं आणि प्रेक्षकांचं अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली. मध्ये 'क्रीड' झाला आणि 2018 मध्ये सुमारे 20 कोटी डॉलरचा 'ब्लॅक पँथर' हा मार्व्हल स्टुडिओचा सुपरहिरोपट आला.

आता नावं बघा. कॅमेरा रेचल मॉरिसन, प्रॉडक्शन डिझाइन हॅना बीचलर, संगीत लुडविग योरानसन. तिघंही 'फ्रूटवेल'पासूनची. योरानसन संगीतासाठी सेनेगलला जाऊन बाबा माल या गायकाबरोबर फिरला, आणि तिथल्या 'बोलत्या' ढोलावर त्याने नायकाची धून बांधली. त्याला आणि बीचलरला ऑस्कर मिळालं. पटकथेतही कूगलरचा हात होता, म्हणून तर खलनायक ऑकलंडच्या एका साध्या फ्लॅटमधून येतो. कूगलर स्वतः ऑकलंडचाच. खलनायक झालेला मायकल बी. जॉर्डन म्हणजे 'फ्रूटवेल'मधला ऑस्कर ग्रँट! त्याचा राग खरा वाटतो तो उगाच नाही.

शेवटची मारामारी मात्र फसली आहे. भुयारात दोन रबरी बाहुल्या आपटाव्यात तशी. मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावरच्या दृश्य-करामतींच्या कामात, पोट भरतो, त्यामुळे त्या शॉट्सवर राबणाऱ्यांना दोष देववत नाही. असे प्रसंग बरेचदा प्रीव्हिजमध्ये (शूटिंगआधी संगणकावर केलेल्या कच्च्या आराखड्यात) आधीच बसवलेले असतात आणि नंतर डेडलाइन अंगावर येते. अर्जेंटिनाची दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्टेल 2018 च्या मुंबई चित्रपट महोत्सवात आली होती, तेव्हा तिने 'ब्लॅक विडो' या सुपरहिरोपटासाठी मार्व्हलशी झालेल्या बोलण्याचा किस्सा सांगितला. ॲक्शनची काळजी करू नका, ते आम्ही बघतो, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिला तर ॲक्शनचं दिग्दर्शनही स्वतःच करायचं होतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या किश्श्यातच दिसतं.

क्लोई झाओचं वेगळं झालं. 'नोमॅडलँड'मध्ये खऱ्या भटक्या माणसांना तिने त्यांच्याच भूमिकेत उभं केलं, संकलनही स्वतः केलं आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर घेतलं. त्याच वर्षी, 2021 मध्ये, तिचा मार्व्हलपट 'इटर्नल्स' आला. कॅनरी बेटांवरचा खरा समुद्र, खरी संध्याकाळ, हे तिचं. पण दहा नायक, हजारो वर्षांचा इतिहास आणि संकलन दुसऱ्यांच्या हाती. तिचा जीव माणसाच्या चेहऱ्यावर थांबण्यात आहे आणि इथे थांबायला सवडच नव्हती. (त्यात मला सगळ्यात जिवंत वाटले ते आपले हरीश पटेल. 'गुंडा'तला इबू हटेला थेट मार्व्हलमध्ये!)

तरी 'विकला गेला', 'विकली गेली' हे शब्द मला पटत नाहीत. झाओने पुढे 'हॅम्नेट' केला, त्याला 2025 मध्ये टोरांटो महोत्सवात प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं. आणि कूगलरने त्याच वर्षीच्या 'सिनर्स'साठी वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओकडून लिहून घेतलं, की 25 वर्षांनी चित्रपटाचे हक्क त्याच्याकडे येतील. 'फ्रूटवेल'च्या वेळी त्याने असं काही मागितलं असतं, तर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.