चोकची केबल गरम झाली, तिथंच उत्तर होतं

प्रश्न : काका नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, नोकरी शिरोली एमआयडीसीत. दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडनं एक जुनी पद्मिनी गाडी आणली, शेडात पडून होती. उद्यमनगरात देऊन बोअर, क्रँक ग्राइंडिंग, नवीन पिस्टन-रिंगा सगळं करून घेतलं, बॉडी पत्र्यापर्यंत सोलून रंगवली. आता इंजिन बसलंय पण आत सीट नाहीत, टाकी खालीच पडलीय, वायरिंग अर्धं. पेट्रोल पाण्याच्या बाटलीतनं, बुचाला भोक पाडून नळी घट्ट बसवलीय आणि बाटली उलटी टांगलीय. त्रास असा की सेल्फ लई हळू फिरतो. नवीन बॅटरी घेतली, मग सेल्फ बदलला, फरक शून्य. परवा पोरांनी ढकलून चालू केली तर थडथडत चालली, कार्बोरेटरमधनं फाट फाट आवाज, दीड-दोन मिनिटांत बंद. बूच उघडून पेट्रोल भरलं की परत चालू, परत बंद. मेस्त्री म्हणतात कार्बोरेटर गेला, नवीन टाका. एकदा चोक ओढला तर केबलनं हाताला चटका बसला, पण ते वायरिंग अर्धं असल्यामुळं असेल. कार्बोरेटर घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घेऊ नकोस. बॅटरी झाली, सेल्फ झाला, आता कार्बोरेटर, असं करत करत तू अख्खी पद्मिनी दुसऱ्यांदा विकत घेशील भावा.

सगळ्या पत्रात कामाचं वाक्य ते चटक्याचं, आणि नेमकं तेच तू जाता जाता लिहिलंयस. बघ, सेल्फ फिरताना शंभराच्या वर अँपिअर ओढतो. प्लसकडनं जाडजूड केबल येते ते सगळ्यांना दिसतं, पण तो करंट परत बॅटरीच्या मायनसला जायला पण वाट पाहिजे की. इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर, रबरातनं काय करंट जात नाही. म्हणून इंजिनपासनं बॉडीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी असते, अर्थिंगची. तुझी ती पट्टी एकतर डब्यात नटबोल्टांच्या खाली पडलीय, नाहीतर नव्या चकचकीत रंगावरच कसलीयस, आणि रंग म्हणजे चांगलं इन्सुलेशन. मग करंटनं दुसरी वाट शोधली, इंजिनपासनं डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची तार. सेल्फचा सगळा भार त्या सुतळीएवढ्या तारेवर, ती तापणार नाही तर काय. ही केबल लाल होऊन प्लास्टिक पेटलेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय, त्यामुळं पट्टी नीट बसेपर्यंत, खालच्या परीक्षेपुरतं सोडून, सेल्फ मारू नकोस.

परीक्षा दोन मिनिटांची. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मार. गरागरा फिरला की निकाल लागला. मल्टीमीटर असेल तर जंपर काढून एक वायर मायनसच्या खुंटीवर आणि एक ब्लॉकवर धरून क्षणभरच सेल्फ मारायला सांग, अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, दीड-दोन दाखवलं तर अर्थिंग नाहीच. पट्टी बसवताना दोन्हीकडचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवड, दातेरी वॉशर टाक, वरनं ग्रीस. बॅटरीचा मायनस बॉडीला जिथं लागतो तिथंही हेच.

आता फाट फाट. पद्मिनीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2, हे तुझ्या मेस्त्रींना माहीतच असणार. पण डेल्कोतला (प्लगना आळीपाळीनं करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) रोटर, म्हणजे आतला फिरता तुकडा, कुठल्या बाजूनं फिरतो हे न बघता वायरी उलट्या दिशेनं लावत गेलं की 1-3-4-2 चं आपोआप 1-2-4-3 होतं. म्हणजे 1 आणि 4 बरोबर, 2 आणि 3 ची अदलाबदल. गाडी मरत नाही, दोन सिलिंडरवर लंगडत चालते, आणि उरलेल्या दोघांत इनटेकचा व्हॉल्व्ह उघडायच्या सुमाराला ठिणगी पडते म्हणून भडका कार्बोरेटरमधनं मागं येतो. थडथड आणि फाट फाट दोन्ही एकाच जागेवरनं. डेल्कोची टोपी काढ, इंजिन हातानं फिरव, रोटर कुठं वळतो ते डोळ्यांनी बघ, मग त्या दिशेनं 1-3-4-2 मोज. हातासरशी डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप पण बघून घे, 0.4 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यावर फाट फाट गेलं नाही तर मग टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), त्याच्या आधी नाही.

आणि दोन मिनिटांत बंद पडतंय ते कार्बोरेटरमुळं नाही, बाटलीमुळं. बूच घट्ट, नळी घट्ट, पेट्रोल खाली गेलं तर त्याच्या जागी वर हवा कुठनं येणार? आत व्हॅक्यूम होतो, धार थांबते, फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा झाला की इंजिन बंद. तू बूच उघडतोस, हवा जाते, गाडी चालू. पेट्रोल भरल्यामुळं नाही, बूच उघडल्यामुळं! पण आता बाटलीला भोक पाडत बसू नकोस. मागं भडका मारणाऱ्या कार्बोरेटरच्या डोक्यावर उघडं पेट्रोल टांगणं म्हणजे रोज दिवाळी. धातूचा छोटा कॅन, झाकणातनं हवा आत जायला वाट असलेला, पेट्रोलची नळी, दोन्हीकडं क्लिप, मध्ये फिल्टर आणि कॉक, आणि कॅन इंजिनपासनं लांब. पावडरवाला अग्निशामक हाताशी ठेव, शेडाच्या दुसऱ्या टोकाला नको.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. ज्या दोन सिलिंडरांत नीट पेटत नव्हतं तिथलं कच्चं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, गेलंय. डिपस्टिक काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदल, नव्या बोअरला पातळ ऑइलवर पळवू नकोस. मग प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मार, रेडिएटर भर, आणि चालू झाल्यावर आयडलवर ठेवून फोटो काढत बसायचं नाही, जरा वरच्या रेसवर पंधरा-वीस मिनिटं, पाण्याच्या तापमानावर डोळा ठेवून. पोरांना सांग व्हिडिओ नंतर.

प्रश्न : कार्बोरेटरवाली मारुती 800 हळूहळू नीट करतोय. पावसाळ्यात काम थांबलं, अर्धी टाकी पेट्रोल तसंच होतं. दिवाळीला चालू केली तर दोन आचके देऊन बंद, प्लगला ठिणगी चांगली आहे. काय असेल?
– निवृत्त शिक्षक, कागल

उत्तर : सर, आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे थोडासा आपलाच ऊस. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पेट्रोलची नळी तळातनंच ओढते. टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून, सुकवून, फिल्टर बदलून मगच नवीन भरा. फ्लोट चेंबर पण उघडून पुसा. जुन्या रबरी नळ्या दाबून बघा, फुगल्या किंवा मऊ पडल्या असतील तर बदला, अशा नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. पुढच्या वर्षी काम थांबवायचं असेल तर टाकी आधी रिकामी करा.

प्रश्न : एमएच 09 पासिंगची जुनी गाडी घेतोय, मालक म्हणतो इंजिन दुसरं टाकलंय पण चालतंय की. चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इंजिन चालेल, कागद चालणार नाहीत. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एक पाहिजे, बदललं असेल तर आरटीओत नोंद पाहिजे. ती मालकाकडनंच करून घ्या, पैसे द्यायच्या आधी. आणि पेंटरला सांगून ठेवा, चासी नंबरवर पुट्टी मारायची नाही.