आधी पोट की आधी दंड?

भावा, आधी कंबर मोज. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, टेप बेंबीच्या रेषेत. ९० सेंमीच्या वर भरली (बायकांची ८०) तर आधी चरबी उतरव. खाली असेल आणि हातपाय काड्यांसारखे असतील तर आधी स्नायू वाढव. नवख्याला पहिले काही महिने दोन्ही बऱ्यापैकी एकदम साधतं, त्यामुळे निवड थोडी चुकली तरी घाबरू नकोस.

व्यायाम दोन्हीकडे तोच: आठवड्यातून तीनदा वजन घेऊन बैठका, जोर आणि ओढायचा एखादा प्रकार. बदलतं ते ताट.

- चरबीसाठी: रोज ३००-५०० कॅलरी कमी. एक मोठी भाकरी आणि दोन चहांची साखर काढली की ३००च्या आसपास जातं.
- स्नायूंसाठी: २००-३०० जास्त.
- प्रोटीन: रोज अंगाच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ११२. एका अंड्यात ६, पन्नास ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये २५.

साताऱ्यात हमखास होणारी चूक: रोज अजिंक्यतारा चढायचा, जेवण अर्ध्यावर आणायचं आणि वजनाला हात लावायचा नाही. काटा उतरतो, पण चरबीसोबत स्नायूही जातो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर आहे. आठ आठवडे बेत बदलू नकोस. पावडरींचं नंतर बघू.