शाळेच्या रजिस्टरमधल्या नावाची दुरुस्ती नववीतच करून घ्या ताई, दहावीची वाट बघू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मुलगी महापालिकेच्या हायस्कूलला नववीत, रजिस्टरला वडिलांचं नाव 'नरसिंग', आधार आणि जन्मदाखल्यावर 'नरसय्या', आणि सगळे सांगतायत दहावी होऊ द्या मग बघू. हेच आम्हालाही सांगितलं होतं. आमच्या मालकांचं नाव व्यंकटेश, मुलाच्या रजिस्टरला पडलं 'यंकटेश'. पहिलीला नाव घालायला सासूबाई गेल्या होत्या, मी विड्यांचा माल द्यायला कारखान्यात, त्यांनी घरी तेलुगुत जसं म्हणतो तसं सांगितलं, बाईंनी ऐकलं तसं लिहिलं. त्यात कुणाचा दोष नाही, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात अशी कितीतरी पोरं आहेत.

चूक पुढं झाली. तो नववीत असताना मी एका ऑफिसात गेले (नाव घेत नाही), तिथल्या साहेबांनी कागद हातातही घेतला नाही, म्हणाले दहावीनंतर बोर्डाच्या सर्टिफिकेटवरच दुरुस्त होतं, आत्ता कशाला पळापळ. मी विश्वास ठेवला. खरं तर उलटं असतं. बोर्डाला शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच नाव जातं. फॉर्म भरल्यावर प्री-लिस्ट (तपासायला येणारी कच्ची यादी) आली, पोराला चूक दिसली, त्यानं बोट ठेवून सरांना दाखवली, सर म्हणाले बाळ, रजिस्टरला आहे तेच जाणार, आणि त्यानं खाली सही केली. सर बरोबरच होते. २०१८ ला मार्कशीट आली ती 'यंकटेश'चीच.

डिप्लोमाला गेल्यावर फॉर्म अडकला, परत त्याच ऑफिसात गेले तर दुसरे साहेब म्हणाले शाळा सोडली ना, आता रजिस्टरला हात लावता येत नाही, आधी का नाही आलात. आधी आले होते हो! तिथंच, त्याच टेबलापाशी! एवढ्याशा फरकासाठी दोन वर्षांची स्कॉलरशिप गेली, फी मी टॉवेल शिवून भरली. कुणी म्हणालं गॅझेट करा, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्या, तेही केलं, त्यानं मार्कशीट बदलली नाही. शेवटी मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचचा २०१९ चा निकाल कुणीतरी दाखवला, उघड लिहिण्यातली चूक असेल तर शाळा सोडल्यावरही दुरुस्त होते असा, तो जोडला तेव्हा काम हललं. पण तुम्ही तिथपर्यंत जाऊच नका.

मी वकील नाही, शिक्षिका नाही, नियम बदललेले असू शकतात, हेडमास्तरांना विचारूनच करा. पण मुलगी शाळेत आहे तोवरच हे सोपं आहे. हेडमास्तरांकडे अर्ज, जन्मदाखला, आधार, तुमच्या दोघांचे कागद, मग शाळा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवते. दहावीचे फॉर्म सुरू व्हायच्या आत आदेश हातात पाहिजे. रजिस्टरशी जुळवायला म्हणून आधारच बदलायचं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, जन्मदाखला बरोबर असताना चुकीच्या कागदामागं का जायचं? तसंही आधारवर नाव फार तर दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आता अपार आयडीसाठी (विद्यार्थ्यांचा कायमचा ओळख नंबर) शाळेलाही आधारशी नाव जुळवून पाहिजे असतं, त्यामुळं सरलोक ऐकतील.

आणि एकट्या जाऊ नका. वर्गात विचारा, अशी अजून पाच-सहा पोरं निघतीलच. आपल्याकडच्या आया दिवसभर विड्या वळतात नाहीतर शिलाईवर असतात, त्यांना हे माहितीच नसतं, आणि विडी कामगारांच्या मुलांची केंद्राची स्कॉलरशिप भरतानाही नाव जुळलं नाही तर त्रासच. सगळ्यांचे अर्ज एकदम दिले तर शाळेलाही एकच खेप पडते.

प्रत्येक अर्जाची झेरॉक्स ठेवा, त्यावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. माझ्याकडं पहिल्या वेळचा एक चिटोरा जरी असता तर दुसऱ्या साहेबांसमोर ठेवला असता. फाईल कुठं अडकली कळेना तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आदेश आला म्हणजे झालं असंही समजू नका. आमचा आदेश शाळेत तीन महिने नुसता फाईलला लावून ठेवला होता. मी जाऊन बसले, म्हटलं पान दाखवा. क्लार्कनं रजिस्टर काढलं, माझ्यासमोर लाल शाईनं 'व्यंकटेश' लिहिलं, बाजूला आदेशाचा नंबर, तारीख, मग हेडमास्तरांची सही. ते पान डोळ्यांनी बघूनच घरी जा.