सी भाषेतील मॅक्रोला, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडच्या मजकुरात उलगडणाऱ्या नावाला, ऐच्छिक आर्ग्युमेंट द्यायचे असल्यास डबल हॅश (##) वापरावे की व्हीए ऑप्ट (__VA_OPT__)?

आपली अडचण अशी की लॉगच्या मॅक्रोत नुसता संदेश दिला आणि पुढे काहीच दिले नाही, तर शेवटी स्वल्पविराम उरतो आणि कंपायलर बंद कंसापाशी अडतो. लॉगपुरते उत्तर सोपे आहे: कंपायलर सी भाषेचे सी २३ हे मानक जाणत असेल तर व्हीए ऑप्ट, नाहीतर व्हीए आर्ग्जच्या (__VA_ARGS__, म्हणजे मॅक्रोला दिलेली उरलेली आर्ग्युमेंटे) आधी डबल हॅश; दोन्हींमुळे तो उरलेला स्वल्पविराम गळतो. ही दुसरी सोय मानकात नाही, ती जीसीसी या कंपायलरची आहे आणि क्लँग हा दुसरा कंपायलरही ती पाळतो. पण लिनक्स कर्नलमधील लॉगचे मॅक्रो वर्षानुवर्षे तिच्यावरच चालत आले आहेत, तेव्हा तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र याच मार्गाने फंक्शनला डीफॉल्ट मूल्ये देता येतील का, असे जे आपण जाता जाता विचारले आहे, त्यावर मला अधिक बोलायचे आहे. पुण्यातील एका कंपनीत आम्ही फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, लिहीत असू. आमच्या टीम लीडनी टायमर सुरू करण्यासाठी आर्ग्युमेंट मोजून त्यानुसार फंक्शन निवडणारा मॅक्रो रचला होता. आर्ग्युमेंटांच्या मागे आकड्यांची उतरती रांग लावायची आणि ठरावीक जागी जो आकडा सरकून येईल ती संख्या मानायची, अशी ती युक्ती. पण कंस रिकामा असला तरी ती ‘एक’च सांगते, कारण प्रिप्रोसेसरच्या, म्हणजे मॅक्रो उलगडणाऱ्या भागाच्या, लेखी रिकामे आर्ग्युमेंट हेही आर्ग्युमेंटच. शिवाय आमच्या चाचण्या व्हिज्युअल स्टुडिओवर चालत आणि तिथला जुना प्रिप्रोसेसर व्हीए आर्ग्ज दुसऱ्या मॅक्रोकडे अख्खे एकच आर्ग्युमेंट म्हणून सोपवतो. म्हणजे तीन दिली तरी मोजणी एकच. त्यावर आणखी एका मॅक्रोचे आवरण चढले, मग रिकामेपण ओळखणारे दुसरे, आणि नव्याने रुजू झालेली एक मुलगी प्रिप्रोसेसरचे आउटपुट छापून पेन्सिलीने कंस जुळवत बसू लागली.

मी सुचवलेला उपाय असा: सगळे पर्याय एका स्ट्रक्चरमध्ये ठेवावेत, मॅक्रोने महिरपी कंसात आधी डीफॉल्ट मूल्ये नावानिशी लिहावीत आणि त्यांच्यामागे व्हीए आर्ग्ज जोडावे. एकाच फील्डला दोनदा मूल्य दिल्यास सी९९ पासून नंतरचे ग्राह्य धरले जाते. आणि काहीच दिले नाही तरी बिघडत नाही, कारण फंक्शनच्या कंसात चुकीचा ठरणारा शेवटचा स्वल्पविराम इनिशियलायझरच्या यादीत वैध आहे. मोजणी नाही, डबल हॅश नाही, आणि मूल्य फील्डच्या नावानिशी लिहिलेले असल्याने वाचणाऱ्याला, समजा तीस दिले असतील, तर ते कशाचे तीस हेही कळते. ‘टायमरला स्ट्रक्चर म्हणजे पोरखेळ,’ असे म्हणून लीडनी तो बदल परत पाठवला. मोजणीची ती भेंडोळी हाच खरा पोरखेळ होता, असे माझे आजही मत आहे, आणि आपल्याकडे कोणी ती रिव्ह्यूला पाठवली तर पाठवणारा कितीही अनुभवी असो, मंजूर करू नका.

एवढे सांगायचे राहिले की जीसीसीत एक्स्ट्रा वॉर्निंग चालू असल्यास मूल्य दोनदा दिल्याची तक्रार येते आणि तेवढी ती एक वॉर्निंग बंद करावी लागते. तेच हेडर सी प्लस प्लसमध्ये वापरायचे असेल तर हा उपाय चालणार नाही, कारण एकच फील्ड दोनदा लिहिणे तिथे चूक मानले जाते. तिथे मात्र डीफॉल्ट आर्ग्युमेंट भाषेतच आहेत.