कंपनीत बायका कमी असतील तर पाळणाघर मागता येतं का?

हो, येतं. "आपल्याकडे बायका मोजून सात-आठ, पाळणाघर कुणासाठी काढायचं?" हे एचआरचं ठरलेलं उत्तर कायद्यात बसत नाही. एकूण ५० कर्मचारी असले की पाळणाघराची सोय हवी, आणि या पन्नासात पुरुषही मोजले जातात. ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा असते. मागणी तोंडी नको, ईमेलने करा. दोघी-तिघींनी मिळून केलीत तर उत्तम.

मुळात बायका कमी का? खरी गोम पैशात आहे. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेचा पगार मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असेल (साधारणपणे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार) तर तो विमा महामंडळाकडून मिळतो, त्यावरच्यांचा भार कंपनीवर. मग मुलाखतीत "लग्न कधी झालं?" हा प्रश्न उगाच येत नाही! मलाही विचारलाय, माझ्या नवऱ्याला कधीच नाही. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा मिळते, खासगीत कायद्याने एक दिवसही नाही. म्हणजे मूल दोघांचं, पण नोकरीच्या बाजारात 'महाग' ठरते ती फक्त आई. माझ्या मते रजेचा खर्च सगळ्यांसाठीच विमा निधीतून व्हावा आणि बापाची रजा सक्तीची असावी.

पाळणाघरासाठी जागा नाही म्हणाले, तर शेजारच्या कंपनीशी मिळून सामायिक सोय करा असं सुचवा.