तिकिटावरची वेळ

नाशिक, कोजागिरी
१९ ऑक्टोबर २०२१

काल तू ओट्यावर बसून दोन तास बोललीस आणि चहा गार केलास. तू गेल्यावर काकू म्हणाली, "पोरगी एवढी विचारत होती, तुम्ही नुसतं हूं हूं काय करत होतात?" मला तोंडी जमत नाही गं. जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस मी, कुणी समोरून बघायला लागलं की माझं वाक्य अडकतं. म्हणून लिहितोय.

शुक्रवारी, बावीस तारखेला करोनाने बंद पडलेली नाट्यगृहं उघडताहेत, निम्म्या खुर्च्यांवर. तुमचं नाटक बसलेलं आहे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात लगेच करू, निम्मे म्हणतात जानेवारीपर्यंत थांबू, पूर्ण खुर्च्यांना परवानगी मिळू दे. पैसे घालणारे गृहस्थ म्हणतात आधी तासभर समारंभ, सत्कार, भाषणं, मग नाटक. आणि चपला घालता घालता तू हळूच म्हणालीस ते वेगळंच: "काका, एवढी माणसं गेली आणि आपण तोंडाला रंग लावायचा?"

धीर देणारं काही लिहीत नाही. नाटक तू करणारच आहेस, ते तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या वहीत दिसलं, प्रवेशांच्या याद्या किती नीट काढल्यास ते. मी एकच विचारतो. तिकिटावर वेळ काय छापणार आहेस?

हसू नकोस. दोन तासांत तू मला प्रकाशयोजना सांगितलीस, संगीत सांगितलंस, पोस्टरचा रंग सांगितलास. वेळ सांगितली नाहीस. "संध्याकाळी" म्हणालीस. संध्याकाळी ही काय वेळ झाली?

तारीख म्हणालीस पाच नोव्हेंबर, कारण रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केलं तो दिवस, छान आहे. गेल्या वर्षी सरकारनेही पाच नोव्हेंबरलाच निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं उघडायला परवानगी दिली होती, आणि आपण सगळे केवढे हरखलो होतो. एप्रिलात पुन्हा कुलपं. पण यंदा पाच तारखेला पाडवा आहे हे कॅलेंडरात बघितलंस का? संध्याकाळी घरोघरी ओवाळणं चाललेलं असणार. सहाला भाऊबीज. तुझं नाटक बघायला येणार कोण, ओवाळणीचं तबक घेऊन? सात तारखेचा रविवार घे. पोटात फराळ असतो, पुण्या-मुंबईहून आलेली पोरं अजून घरी असतात, साडेपाचला लोक मोकळे असतात. साडेपाच छाप. आणि साडेपाच म्हणजे साडेपाच.

आता ही वेळेवर घंटा वाजवण्याची माझी खोड कुठून आली ते सांगतो. तू ग्रुपमधल्या जुन्या लोकांकडून एक बाजू ऐकलीच असशील.

१९९४ साली, पावसाळ्यात, एका प्रयोगाचा मी रंगमंच व्यवस्थापक होतो. गाव आपलंच, नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. रात्री साडेनऊची वेळ. प्रमुख पाहुणे यायचे होते. दुसरी घंटा झाली आणि आयोजक आत आले, "थांबा, निघालेत." मी थांबलो. पावणेदहा, दहा, सव्वादहा. प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले, त्या कसल्या टाळ्या असतात ते तुला कळेलच कधीतरी. दहा वीसला पाहुणे आले, पंधरा मिनिटं बोलले, नारळ-शाल घेतली आणि पहिल्या अंकानंतर निघून गेले. नाटक संपायला दीड वाजून गेला.

दुसऱ्या दिवशी सामान न्यायला गेलो तर बुकिंगच्या खिडकीशी एक गृहस्थ उभे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला. सकाळची पाळी होती म्हणून दुसऱ्या अंकानंतर उठून गेले होते. मला वाटलं पैसे परत मागायला आलेत. ते म्हणाले, "शेवटी काय झालं तेवढं सांगता का?" बाहेर उसाच्या गाड्यापाशी उभं राहून मी त्यांना तिसरा अंक सांगितला. चार मिनिटांत. दीड महिना ज्याची तालीम झाली होती तो अंक, चार मिनिटांत, हातात ग्लास धरून. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "बरं झालं, मला वाटलंच होतं" म्हणाले, माझ्याही रसाचे पैसे दिले आणि गेले. चिडले असते तर मी विसरलो असतो.

त्या दिवसापासून ठरवलं, की तिकिटावर जी वेळ छापली तिला तिसरी घंटा, म्हणजे पडदा वर. नट आलाय की नाही, पाहुणा आलाय की नाही, पावसाने निम्मं थिएटर रिकामं आहे की काय, घंटा वेळेवर. ज्या गावात तात्यासाहेब शिरवाडकर राहिले, वसंत कानेटकर राहिले, तिथे नाटक लिहिणाऱ्यांचं कौतुक आहे आणि असायलाच हवं. पण पडदा वेळेवर वर नेणाऱ्याला लोक खडूस म्हणतात. म्हणू देत.

(पाहुणा आणि नाटक यावरून आठवलं. २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त, आणि तिथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. शाळेपासून आपण हे ऐकतो. माझ्या डोक्यात मात्र दर वेळी भलताच प्रश्न येतो: रंग लावून विंगेत उभे असलेल्या नटांचं त्या रात्री काय झालं? आणि पडदा ओढणाऱ्याचं? दोर हातात धरून तो किती वेळ उभा राहिला असेल? असो.)

तुझ्या त्या पैसे घालणाऱ्या गृहस्थांचं सांगतो. त्यांना समारंभ हवा आहे ना, मग तिकिटावर दोन ओळी छाप. "सत्कार: ४.४५. नाटक: ५.३०." ज्याला भाषणं ऐकायची तो पावणेपाचला येईल. पाच वीसला माइक बंद. त्यांना हे आधी, लेखी, हसतमुखाने सांग. रागावले तर? रागावू देत. पैसे काढून घेतले तर? तर मग दोन सेट कमी कर, लाकडी लेव्हलवर, चौथऱ्यावर, चादर टाक आणि कर नाटक. इथे तुझ्याशी मी वाद घालणार नाही.

थांबायचं की करायचं, हे तर फारच सोपं आहे आणि त्यावर तुम्ही पंधरा दिवस घालवलेत. जानेवारीत काय होईल हे कुणाला माहीत आहे? तुमची तालीम आज तयार आहे. नाटक लोणचं नव्हे, मुरत ठेवायला.

पण निम्म्या खुर्च्यांची तालीम वेगळी असते, तिच्याविषयी कुणी बोलत नाहीये. एक सोडून एक खुर्ची म्हणजे हसू पसरत नाही. हसणं शेजाऱ्याच्या खांद्यावरून पुढे जातं, मध्ये रिकामी खुर्ची आली की तिथेच विझतं. वर तोंडाला मास्क, त्यातून हसू बाहेर फुटतच नाही. तुझ्या नाटकातला तो मुलगा हशासाठी जिथे थांबतो तिथे मोठा खड्डा पडेल. त्याला सांग, थांबू नकोस, पुढच्या वाक्यावर जा, आलाच हशा तर गिळ. दुसरं, भरलेलं थिएटर आवाज पिऊन टाकतं, रिकामं थिएटर परत फेकतं. शब्द एकमेकांवर आदळतील. ओरडू नका, अर्ध्या चालीने सावकाश बोला आणि शेवटची अक्षरं खाऊ नका. आणि सावकाश बोललात की नाटक सात-आठ मिनिटांनी लांबेल, तेही धर.

दाराचं गणित मांडलंस का? दोन डोसचं प्रमाणपत्र बघायचं, मोबाइल चाचपण्यात प्रत्येकाचा वेळ जाणार. माणशी पंधरा सेकंद धर. दोनशे माणसं म्हणजे पन्नास मिनिटं, एका दाराने. दोन दारं उघडलीस तर पंचवीस. व्यवस्थापकाकडून दुसरं दार आत्ताच मागून घे, त्या दिवशी किल्ली सापडत नसते. बघ, तिसरी घंटा साडेपाचला वाजायची तर तिचं काम आज सुरू होतं. हेच मला सांगायचंय आणि हेच लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं हा म्हातारा बटणावर बोट ठेवून बसतो.

आता ते दुसरं.

२०१० साली आमच्या ग्रुपचा प्रयोग होता. प्रकाशयोजना माझ्या मित्राची. गंगेच्या घाटावरची पहाट, तीन आठवडे त्याने त्या पहिल्या प्रवेशावर घालवले होते, दिव्यापुढे कुठला जिलेटीन, म्हणजे रंगीत कागद, किती टक्के, कुठल्या वाक्याला. दुसऱ्या घंटेनंतर एक डिमर, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा, गेला. तो धावत विंगेत आला, "दहा मिनिटं दे." मी घड्याळ बघितलं आणि घंटा वाजवली. पहाट झालीच नाही. नट पांढऱ्या फटफटीत उजेडात उभे राहिले, दुपारच्या बारासारखे. प्रयोग संपल्यावर त्याने केबल गुंडाळल्या आणि गेला. ग्रुप त्यानंतर फुटला, त्याला बाकीची कारणं होती, पैशांची, सगळ्यांना माहीत आहेत. पण खापर घंटेवर फुटलं.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. शालिमार चौकात समोरासमोर आलो की तो कुणाच्या तरी दुकानात शिरायचा, नाहीतर मी. या एप्रिलात तो गेला. तेव्हा गावात ऑक्सिजनसाठी काय चाललं होतं ते तुला सांगायला नको. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं, जाणं शक्यच नव्हतं.

तू विचारशील, दहा मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं? सांगतो काय बिघडलं असतं. आज दहा दिली की उद्या पंधरा मागतात, परवा पाहुण्यासाठी पन्नास. मी बरोबर होतो. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, आता राहू दे. घंटा बरोबरच होती. पण चार वाजता डिमर तपासून घ्यायचं काम रंगमंच व्यवस्थापकाचं असतं. त्या दिवशी चार वाजता मी बुकिंगच्या खिडकीवर प्लॅन बघत उभा होतो, किती खुर्च्या गेल्या ते मोजत.

म्हणून सांगतो, सात तारखेची वाट बघू नकोस. शुक्रवारी दारं उघडली की परवानगी काढ आणि दिवसाउजेडी आत जा, सोबत एक इलेक्ट्रिशियन ने. आपलं कालिदास नाट्यगृह २०१८ साली नव्याने सुरू झालं आणि दीड वर्षात करोनाने बंद पाडलं. सायखेडकर काय, इतर कुठलं काय, सगळीकडे तीच गत समज. बंद घरात उंदीर आधी केबल खातात. पडद्याचा दोर हातात घेऊन पूर्ण वर-खाली कर, तीनदा, अडतोय कुठे ते बघ. प्रत्येक डिमर, प्रत्येक स्पॉट एकेक करून लाव, एकदम लावू नकोस, दीड वर्षाची धूळ तापली की वास सुटतो आणि लोक घाबरतात. माइकच्या बॅटऱ्या आतच राहिल्या असतील तर फुटल्या असतील. मेकअपचे जुने डबे कुणी जपून ठेवले असतील ते फेकून दे, रागवून फेक. मग सात तारखेला चार वाजता पुन्हा हे सगळं. चार वाजता, तू स्वतः.

बॅकस्टेजच्या पोरांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, घंटेच्या आधी पाकिटात घालून दे, मागायला लावू नकोस. या दीड वर्षात त्यांतल्या एकाने भाजीची गाडी लावली, एकजण अजून रिक्षाच चालवतोय. तो प्रयोगाला येईल, पण रविवारची संध्याकाळची भाडी सोडून येईल हे लक्षात ठेव.

रंग लावण्याचं विचारलं होतंस. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही. रात्रभर शोधलं. दोन मिनिटं स्तब्धता ठेवायची असेल तर ती पाच अठ्ठावीसला ठेव. बाकी तुझं तू ठरव, तुझी गेलेली माणसं तुला ठाऊक.

मला पास पाठवू नकोस. तिकीट काढून येईन. बी रांगेतली कडेची खुर्ची ठेव, उजवा गुडघा दुमडत नाही. शेजारची नियमाने रिकामी राहणारच आहे, तिच्यावर कुणी पिशवी वगैरे ठेवायला लागलं तर ठेवू देऊ नकोस. पाच वाजता दारात असेन, प्रमाणपत्राची प्रिंट काढून ठेवली आहे. पैसे सुट्टे आणतो.

काका