टेबल आधी की दिवा आधी?

प्रश्न : ताई, आमच्या हॉल आणि किचनमधली भिंत पाडून तिथे डायनिंग करायचं चाललंय. सगळं मिळून २४ बाय १३ फुटांची एकच लांबट खोली होईल. मला ते मिडसेंच्युरी मॉडर्न, म्हणजे १९५० च्या आसपासची ती स्टाइल, फार आवडते, निमुळते पाय, लाकूड, मोठा लटकता दिवा वगैरे. पण घरच्यांचं म्हणणं की डायनिंग वेगळं दिसायला पाहिजे, म्हणून मध्ये काचेचं पार्टिशन टाकू. मग भिंत पाडायची तरी कशाला, असं मी म्हणते. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुमचं. म्हणजे डायनिंग वेगळं वाटायला हवं हे त्यांचंही खरंच आहे, फक्त त्याला पार्टिशन लागत नाही.

आधी भिंतीचं बोलू. ती भिंत भार घेते का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय हातोडा लावू नका, कॉन्ट्रॅक्टर "काही होत नाही हो" म्हणाला तरी. या स्टाइलची घरं एवढी मोकळी झाली ती मुळात बांधणीमुळे, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशी जी घरं झाली त्यातली बरीचशी खांब आणि तुळयांवर उभी होती, वजन त्यांनीच पेललं की मधली भिंत नसली तरी चालतं आणि बाहेरची काचेची केली तरी चालते. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याचं कॅलिफोर्नियातलं १९४९ चं घर तसंच, स्टीलची फ्रेम आणि बाकी सगळं हलकं. तुमच्याकडे भिंतीच्या जागी बीम टाकावा लागला आणि तो छताखाली दिसत राहिला तर फॉल्स सीलिंग करून लपवत बसू नका, बीमच्या पलीकडे किचन आणि अलीकडे डायनिंग, झाली हद्द.

आता मुख्य मुद्दा. सगळे आधी खुर्च्या बघतात कारण फोटोत खुर्च्याच छान दिसतात. मी उलट सांगीन, आधी टेबलाची जागा जमिनीवर मास्किंग टेपने आखा, मग बरोबर तिच्या मध्यावर दिव्याचा पॉइंट काढून घ्या, खुर्च्या सगळ्यात शेवटी. इलेक्ट्रिशियनला सांगितलं नाही तर तो सवयीने खोलीच्या मध्यावर पॉइंट देतो, आणि ओपन प्लॅनमध्ये, म्हणजे मधल्या भिंती नसलेल्या घरात, टेबल खोलीच्या मध्यावर सहसा नसतं, मग वायर हुकाला अडकवून ओढत आणायची, ते काही बरं दिसत नाही. संध्याकाळी बाकीचे दिवे मंद केले की टेबलावरचा तो एक दिवाच डायनिंगची वेगळी खोली करतो. पार्टिशनचं काम झालं की नाही?

दिव्याची खालची कड टेबलापासून ३० ते ३४ इंचांवर ठेवा. त्याहून वर गेला की बल्ब डोळ्यात येतो, खाली आला की समोरच्याचं तोंड दिसत नाही. दिव्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत चालते. डेन्मार्कचा डिझायनर पॉल हेनिंगसेन याचा १९५८ चा पीएच ५ हा लटकता दिवा अजून एवढा दिसतो तो उगाच नाही, जेमतेम २० इंच रुंदीचा, पण शेड्स एकाखाली एक अशा बसवल्यात की तुम्ही कुठेही बसा, बल्ब थेट दिसत नाही. तो नसेल तर दुसरा घ्या, तपासायचं हेच, बसलेल्या माणसाला बल्ब दिसतो का. आणि बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचा, डिमरसकट. थंड पांढऱ्या उजेडात सागवान किंवा अक्रोडाच्या लाकडाचा रंगच मारला जातो.

हिशोब करून बघू. टेबल ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, खोलीच्या लांबीतच लावलेलं. एका बाजूला खुर्ची मागे ओढायला ३ फूट. दुसऱ्या बाजूने किचनकडे जायची वाट असणार, म्हणजे बसलेल्याच्या मागून माणूस जाणार, तिथे ४ फूट. खोलीच्या १३ फूट रुंदीतले हे झाले १०. भिंतीला दीड फूट खोल साइडबोर्ड, म्हणजे भांडीकुंडी ठेवायचं लांबट बुटकं कपाट, लावला की साडेअकरा. दीड फूट उरला तो उरू द्या, कृपा करून तिथे कोपऱ्यातलं कपाट वगैरे आणू नका. या स्टाइलमध्ये फर्निचर जमिनीपासून उचललेलं असतं, खालची फरशी भिंतीपर्यंत दिसत जाते आणि म्हणून खोली मोठी वाटते, तीच जागा तुम्ही सामानाने भरलीत तर निमुळत्या पायांचा उपयोग काय. हॉलच्या बाजूला आडोसा हवाच असेल तर सोफ्याची पाठ डायनिंगकडे करा, नाहीतर ३० इंचांपर्यंतचं बुटकं शेल्फ ठेवा, नजर वरून आरपार गेली पाहिजे.

प्रश्न : आम्ही चौघं, अधूनमधून सहा जण होतो. ट्यूलिप टेबल आणि विशबोन खुर्च्या असं मनात आहे, दोन्ही एकत्र शोभतील का?

उत्तर : शोभतील. ट्यूलिप हे डिझायनर ईरो सारिनेनचं, १९५७ चं. त्याला टेबलाखुर्च्यांखालच्या पायांच्या गर्दीचा वैताग होता म्हणून त्याने एकच खांब दिला, तेव्हा त्याच्याभोवती लाकडी पायांच्या खुर्च्या आल्या तरी गिचमिड होत नाही. ४ फूट व्यासाचं गोल टेबल घ्या, चौघांना ऐसपैस, सहा जण दाटीने. माणशी २४ इंच कड धरली तर सहा जण कागदावर बसतात, पण मधे भांडी ठेवायला जागा राहत नाही. त्या धर्तीचं दुसरं टेबल घेत असाल तर दुकानात कडेवर हाताने जोर देऊन बघाच, बूड हलकं असेल तर डुगडुगतं.

विशबोनबद्दल मात्र थोडं थांबा. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरने १९४९ मध्ये केलेली, पाठीला इंग्रजी Y च्या आकाराची पट्टी असलेली लाकडी खुर्ची आहे, सुंदर आहे, पण बैठक कागदी दोरीची विणलेली असते, एकेका खुर्चीला साधारण १२० मीटर दोरी लागते, आणि तिच्यावर तेलकट काही सांडलं की डाग राहतोच. घरात लहान मुलं असतील तर मी प्लायवूडची किंवा कापडी बैठकीची घेईन. हात असलेली कुठलीही खुर्ची घेताना हातांची उंची आणि टेबलाच्या खालची पट्टी दोन्ही मोजा, नाहीतर खुर्ची टेबलाखाली सरकत नाही आणि वाट कायमची अडते. बैठकीपासून टेबलाच्या वरच्या कडेपर्यंत १० ते १२ इंच हवेत. सहाच्या सहा खुर्च्या एकसारख्या असायलाच पाहिजेत असं काही नाही.

प्रश्न : साइडबोर्ड व्हिनियरचा, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेला, मिळतोय. सॉलिड लाकूड नाही म्हणजे नकलीच ना?

उत्तर : अजिबात नाही! त्या काळातल्या अस्सल साइडबोर्डांतसुद्धा कितीतरी व्हिनियरचेच आहेत, आणि प्लायवूड तर या स्टाइलच्या डिझायनरांचं लाडकं होतं, ईम्स दांपत्याच्या १९४६ च्या खुर्च्या वाकवलेल्या प्लायच्याच. रुंद दरवाजे सॉलिड लाकडाचे केले की हवेप्रमाणे फुगतात, वाकतात, व्हिनियर त्या मानाने शांत राहतं. कडा सुटल्यात का, पाय कशात बसवलेत, मागची फळी पातळ पुठ्ठ्याची तर नाही ना, हे बघून घ्या. लाकडाचं चित्र छापलेला लॅमिनेट वेगळा, त्यात तीच गाठ दर थोड्या अंतरावर परत येते.

प्रश्न : ओपन प्लॅन करून झालंय, पण चार माणसं बोलायला लागली की आवाज नुसता घुमतो, आणि तळणाचा वास सोफ्यापर्यंत जातो. आता काय करायचं?

उत्तर : काच, फरशी, गुळगुळीत भिंत, सगळंच कडक असेल तर आवाज घुमणारच. जाड पडदे लावा, खुर्च्यांना कापडी बैठक, जमलं तर एका भिंतीला पुस्तकांचं उघडं शेल्फ. टेबलाखाली रग घालायचा असेल तर टेबलाच्या चारही बाजूंना २ फूट बाहेर आला पाहिजे, म्हणजे ६ बाय ३ च्या टेबलाला १० बाय ७ चा, नाहीतर खुर्ची मागे घेतली की पाय कडेला अडकतो. लोकर उभी असलेला नको, सपाट विणीचा घ्या, झाडता येतो. वासाचं म्हणाल तर चिमणीचा पाइप बाहेर काढलाय का ते बघा, फिल्टरमधून हवा परत घरातच सोडणाऱ्या चिमणीचा ओपन किचनला फारसा उपयोग होत नाही. आणि टेबलावर कापडी शेडचा दिवा असेल तर तो आधी बदला, तेलकट धूर सगळा त्याच्यावर बसतो आणि धुताही येत नाही.